चौथी की पाचवी

अंगदरावांनी अडकित्त्यानं खोक्यावरची चिकटपट्टी कातरायला घेतली, तशा वनमालाबाई स्वयंपाकघराच्या दारातून ओरडल्या.

"अहो, सुपारीचा हाय त्यो! घरात कात्री न्हाई का?"

"कात्री शोधूस्तोवर दुपार हुईल," अंगदराव म्हणाले आणि कातरत राहिले.

खोकं पुण्याहून आलं होतं, तेही लेकीच्या, म्हणजे संस्कृतीच्या, मांडीवर बसून. बसमध्ये तिनं ते वरच्या फळीवर ठेवू दिलं नाही आणि परळीहून सिरसाळ्याच्या जीपमध्ये ड्रायव्हरशी भांडून पुढची जागा घेतली. बापाला साठ वर्षं पुरी होत होती. घड्याळ नको, सफारीचं कापड नको, असं पोरीनं आधीच ठरवून टाकलं होतं. आता ती खाटेवर पाय दुमडून बसली होती आणि बापाच्या तोंडाकडं टक लावून बघत होती.

खोक्यातून आधी रेकॉर्ड वाजवायचं एक मशीन निघालं, लहान पेटीएवढं. त्याच्याखाली पातळ कागदात गुंडाळलेली रेकॉर्डींची दोन चौकोनी जाकिटं होती. अंगदरावांनी वरचा कागद सोडवला आणि त्यांचा हात तिथंच थांबला. जाकिटावर धुक्यात टांगलेला एक फिकट पिवळा कंदील होता. त्यांनी दोन्ही हात पायजम्याला पुसले आणि मगच जाकीट उचललं.

"कुठं घावल्या गं ह्या तुला?"

"कंपनीनं परत काढल्यात, अप्पा. चौथी आणि पाचवी, दोन्ही. इतकी वर्षं मिळतच नव्हत्या. मी कधीची नाव नोंदवून बसले होते."

अंगदरावांनी जाकीट नाकाशी नेऊन वास घेतला. पोरगी समाधानानं हसली.

आता ही चौथी-पाचवीची काय भानगड आहे ते सांगायला हवं, कारण सिरसाळ्याच्या बाजारात नवखा माणूस ती ऐकून हमखास फसतो. शहादेवच्या खत-बियाण्याच्या दुकानापुढं बाकड्यावर साठीचे दोन बागायतदार बसलेले असतात. एक म्हणतो, "चौथीला तोड न्हाई." दुसरा म्हणतो, "पाचवीपुढं चौथी म्हंजे कचरा." नवख्याला वाटतं, नातवंडांच्या शाळेचं चाललं असेल. कुणी एकदा मध्ये पडून सांगितलंही होतं की आता पाचवीपासून इंग्रजी लई अवघड केलंय. दोघांनी त्याच्याकडं अशा नजरेनं बघितलं की तो माणूस बियाणं न घेताच निघून गेला.

बोलणं शाळेचं नसतं. ते 'पेल लँटर्न' नावाच्या एका इंग्रजी बँडचं असतं. पन्नासेक वर्षांपूर्वी विलायतेत हा बँड वाजत होता. त्यांचं एकेक गाणं वीस-वीस मिनिटांचं. त्यात ऑर्गन, बासरी, मध्येच घंटा, मध्येच नुसती शांतता, आणि ताल असा की टाळी कुठं द्यावी ते कळू नये. त्यांच्याच देशातले लोक त्यांना विसरून गेले. विसरले नाहीत ते अंगदराव आणि विजयसिंह. दोघं औरंगाबादला इंजिनिअरिंगला एका खोलीत होते. शेजारच्या खोलीत मॉरिशसचा एक पोरगा होता, आडनावानं मराठी, बोलण्यानं कुठलाच नाही. त्याच्याकडं ह्या बँडच्या रेकॉर्डी होत्या आणि त्या भिंतीपलीकडून ऐकू यायच्या. शेवटची परीक्षा देऊन तो देशी परत निघाला, तेव्हा दोघांनी त्याच्याकडून चौथी आणि पाचवी अशा दोन रेकॉर्डी एका दिवसासाठी मागून घेतल्या आणि एका दुकानात दोन कोऱ्या कॅसेटींवर भरून घेतल्या. दुकानदारानं डब्यांत कागद घालून वर सुवाच्य अक्षरात नावं लिहून दिली. चौथी अंगदरावांनी ठेवली, पाचवी विजयसिंहांनी. मग दोघंही डिग्री घेऊन गावाकडच्या काळ्या रानात परत आले आणि ज्याच्या घरी जी कॅसेट, ती त्याला जगात भारी वाटू लागली.

तेव्हापासून वाद सुरू आहे. मध्यंतरी मोबाइल आले. संस्कृतीनं एकदा बापाच्या फोनवर बँडचं नाव टाकून बघितलं, तर दिव्यांच्या माळा विकणाऱ्या कुठल्याशा दुकानाची जाहिरात आली. अंगदरावांना त्याचं काही वाटलं नाही. ते गाणं फोनमध्ये मावणारच नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. कॅसेट झिजली, टेपरेकॉर्डर दोनदा बदलला, पण मत बदललं नाही.

"लावा ना," संस्कृती म्हणाली. "आधी चौथी लावा. तुमची."

मशीनची वायर देवघराशेजारच्या बोर्डात लागली. अंगदरावांनी चौथ्या रेकॉर्डीची तबकडी काठाला धरून ठेवली, सुई उचलली, आणि ती टेकवायच्या आधी डोळे मिटून घेतले. चौथी कशी सुरू होते ते त्यांना पाठ होतं. आधी ऑर्गन येतो, खोल, विहिरीच्या तळातून यावा तसा. मग सात मात्रांचा ढोल.

सुई टेकली. थोडी खरखर झाली.

आणि बासरी वाजली.

अंगदरावांनी डोळे उघडले. "ही बासरी कावून आली?"

"का, नसते?"

"चौथीत बासरी न्हाई! बासरी पाचवीत हाय. विजयसिंहाची हाय ती बासरी." त्यांनी सुई उचलली, तबकडीवरचं नाव चष्मा लावून वाचलं, उलटून दुसरी बाजू वाचली. "फसवलं तुला. जाकीट चौथीचं, माल पाचवीचा."

मग त्यांनी पाचवी लावली. ऑर्गन आला, खोल, तसाच. त्याच्यामागून सात मात्रांचा ढोल आला. अंगदरावांच्या पायाचा अंगठा आपोआप हलायला लागला आणि मग एकदम थांबला.

"बघ! उलटं भरलंय सगळं. कारखान्यातच घोळ झालाय."

संस्कृतीनं जाकिटाची आतली पानं उघडली. गाण्यांचे शब्द होते, कोण काय वाजवतं ते होतं, फोटो होते. बासरी धरलेला माणूस चौथीच्या पानावर होता. पाचवीच्या पानावर तो कुठंच नव्हता. पाचवीच्या आधी तो बँड सोडून गेला, असं खाली स्पष्ट छापलेलं होतं. तिनं ते वाचून दाखवलं. मग तिला हसू फुटलं आणि ते तिला आवरेना.

"अप्पा, त्या दुकानदारानं कागद अदलाबदल केले हो! तुम्ही ज्याला चौथी म्हणता ना, ती पाचवी आहे. आणि काकांची पाचवी म्हणजे चौथी."

"इंग्लंडची कंपनी चुकली असंल," अंगदराव म्हणाले. "औरंगाबादचा माणूस चुकणार न्हाई. लई टापटिपीचा होता."

पण हे बोलताना त्यांचा आवाज पडला होता. ते पुन्हा पुन्हा त्या फोटोकडं बघत राहिले. वनमालाबाई कणकेचे हात तसेच घेऊन बाहेर आल्या आणि दाराला टेकून उभ्या राहिल्या. नवऱ्याचं तोंड इतकं उतरलेलं त्यांनी फक्त सोसायटीच्या निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी बघितलं होतं.

आणि मग अंगदरावांनी हळूच मान वर केली. त्यांच्या मिशीखाली काहीतरी हलायला लागलं.

"थांब," ते म्हणाले. "चौथी सगळ्यात भारी, असं आजवर कोण म्हणत आलं?"

"तुम्ही."

"आन विजयसिंह हयातभर काय ऐकत आला? कशावर जीव टाकला त्यानं?"

"चौथीवर," संस्कृती म्हणाली आणि तिला पुन्हा हसू आलं. "पण अप्पा, तुम्हाला आवडते ती पाचवी निघाली, त्याचं काय?"

"ते राहू दे बाजूला. कागदावर कोण जिंकलं? मी जिंकलो. त्यानं न कळत माझ्याच पेटीत मत टाकलंय, इतके साल! पडला गडी! पार डिपॉझिट जप्त झालं त्याचं!" अंगदरावांनी मांडीवर थाप मारली. "उद्या बाजार हाय. हे जाकीटच नेऊन ठिवतो बाकड्यावर. वाच म्हनावं."

"न्या. बरंच होईल," संस्कृती डोळे पुसत म्हणाली. "मिटेल एकदाचं तुमचं भांडण."

वनमालाबाई हातावरची कणीक सोलत होत्या. त्यांनी वर न बघता विचारलं, "आन मिटल्यावर काय बोलचाल वो त्यांच्यासंगं?"

"म्हंजे?"

"म्हंजे काय म्हंजे. तेवढंच एक बोलणं राहिलंय तुमचं. ते बी मिटवून या."

त्या आत गेल्या. अंगदरावांनी "हिला काय कळतंय गाण्यातलं" असं पुटपुटून पाहिलं, पण संस्कृतीनं काही त्यांना साथ दिली नाही.

वनमालाबाईंनी सांगितलं त्यात खोटं काही नव्हतं. चार वर्षांपूर्वी सोसायटीच्या निवडणुकीत दोघं समोरासमोरच्या पॅनलमध्ये उभे राहिले. तिथवरही ठीक होतं. पण प्रचाराच्या शेवटच्या सभेत विजयसिंहांच्या तोंडून अंगदरावांच्या वारलेल्या वडिलांविषयी वावगा शब्द गेला. दुसऱ्या दिवशी अंगदरावांनी माईक हातात घेऊन सांगितलं की ज्याचा एकुलता पोरगा बापाला सोडून साता समुद्रापार पळाला, त्यानं दुसऱ्याच्या बापाचं काढू नये. टाळ्या पडल्या. त्या टाळ्या अंगदरावांना अजून ऐकू येतात आणि बऱ्या वाटत नाहीत. त्यानंतर येणंजाणं बंद झालं, पत्रिका बंद झाल्या. विजयसिंहांच्या मंडळी वारल्या तेव्हा अंगदराव स्मशानात जाऊन लांब लिंबाखाली उभे राहिले, पण सुतकात भेटायला पाऊल उचललं नाही. ज्या घरात संस्कृती काकूंच्या ताटात जेवून मोठी झाली, त्या घरात आता विजयसिंह आणि एक स्वयंपाकीण बाई एवढीच माणसं उरली होती.

असं वर्ष गेलं. मग एका बाजाराला दोघं एकाच वेळी शहादेवच्या दुकानात आले. एकमेकांकडं पाठ करून उभे राहिले. शहादेव बिचारा मध्ये. दोन्ही गिऱ्हाइकं मोठी, कुणाला आधी माल द्यावा कळेना. तेवढ्यात विजयसिंह एका खताच्या गोणीकडं बघून म्हणाले, "काय बी म्हना, पाचवीसारखी बासरी जगात न्हाई वाजली कुठं."

अंगदरावांनी दुसऱ्या गोणीकडं बघून उत्तर दिलं, "बासरीच ऐकायची तर गुराख्याची काय वाईट हाय? चौथीचा ऑर्गन ऐकायला कान लागतेत."

अर्ध्या तासानं दोघं एकमेकांकडं तोंड करून हमरीतुमरीवर आले होते. शहादेवनं बाहेर बाकडं टाकलं, चहा सांगितला आणि हात जोडून एक कायदा केला. ह्या बाकड्यावर पॅनल आणायचं नाही, घरचं आणायचं नाही, मेलेलं-जितं कुणाचं नाव घ्यायचं नाही. ह्या बाकड्यावर फक्त कंदील. कंदील म्हणजे तो बँड. शहादेवनं त्याचा एक सूर कधी ऐकला नव्हता, पण कायदा त्यानं असा पाळायला लावला की पंचायतीनंही शिकावं. एकदा विजयसिंह पावसावरून पिकावर आले, पिकावरून शेताच्या बांधावर यायला लागले, तर शहादेव आतून ओरडला, "कंदील, मालक, कंदील!"

तर खोकं आलं त्या संध्याकाळी अंगदरावांनी दोन्ही रेकॉर्डी पुन्हा लावल्या. आपली तर ऐकलीच. पण खात्री करून घ्यायची म्हणून बासरीवालीही शेवटपर्यंत ऐकली. आयुष्यात पहिल्यांदा. विजयसिंहांच्या घरी ती वाजायची तेव्हा अंगदराव मुद्दाम मोठ्यानं बोलत बसायचे. शेवटच्या गाण्यात बासरी वाजता वाजता थांबते आणि पुढचा सूर लागायच्या आधी वाजवणाऱ्याचा श्वास ऐकू येतो. साधा श्वास, दमलेल्या माणसाचा. कॅसेटीवर हे ऐकू यायची सोयच नव्हती. तिला स्वतःचीच इतकी सरसर होती की त्यात श्वास कुठला कळणार? अंगदरावांनी सुई मागं घेऊन तेवढाच तुकडा परत ऐकला. मग दार वाजलं तशी घाईनं बंद केली, जसं काही चोरून गूळ खाताना कुणी बघितलं.

सकाळी त्यांनी चौथीचं जाकीट कापडी पिशवीत घातलं, पिशवी स्कूटरच्या हँडलला अडकवली आणि बाजाराला निघाले. वाटेत काय बोलायचं ते सगळं ठरलं. आधी बोलू द्यायचं. बासरीचं पुरतं कौतुक करू द्यायचं. पार उंचावर चढू द्यायचं, आणि मग जाकीट पुढं सरकवून म्हणायचं, वाच बे. एवढंच. पुढं एक शब्द नाही. ह्या बेताच्या नादात ते एका शेळ्यांच्या कळपात शिरले आणि धनगराच्या शिव्या खाऊनही हसतच बाहेर पडले.

बाजार भरला होता. मिरचीवाल्यांनी रस्त्यावरच पालं टाकली होती, भोंग्यावर कुणी चादरी विकत होतं. शहादेवच्या दुकानापुढं विजयसिंहांची मोटारसायकल उभी होती, पण बाकडं रिकामं होतं.

"आलेत," शहादेव तूर बियाण्याच्या पिशव्या रचत म्हणाला. "इथंच पानाच्या ठेल्यावर गेलेत. बसा." मग तो जरा जवळ आला. कायदा त्याचाच होता, म्हणून त्यानं आवाज खाली घेतला. "मागल्या बाजारी तुमी आलेच न्हाईत."

"धर्मापुरीला गेलतो. पाव्हण्याकडं लग्न होतं."

"ते बसले होते इथं. पार बाजार उठंपर्यंत. म्या म्हणलं, चहा सांगू का, तर म्हणले, येऊ दे त्याला. मला म्हणले, शहादेव, आज चौथीवाला हरायच्या भ्यानं आला न्हाई. हसले बी. पण उठले न्हाईत वो. शटर वढंस्तोवर बसून होते."

अंगदराव बाकड्यावर बसले. पिशवी त्यांनी मांडीशेजारी ठेवली. जाकिटाचा कोपरा कापडातून टोकदार वर आला होता. त्यांनी तो आत दाबला, पण पुठ्ठाच तो, पुन्हा वर आला.

विजयसिंह आले. अंगानं उतरले होते, सदऱ्याची कॉलर मानेभोवती सैल पडली होती. पण चाल तीच, निवडून आलेल्या माणसाची. आल्या आल्या त्यांनी पानाची पुडी पुढं केली आणि बसायच्या आधीच सुरुवात केली.

"काय बे, मागल्या बाजारी तोंड लपवलंस?"

"चौथीवाले तोंड लपवत नसतेत," अंगदराव म्हणाले. जीभ सवयीनं चालली, पण 'चौथी' म्हणताना त्यांना आपलाच शब्द अडखळल्यासारखा वाटला.

"मी काल परत इचार केला," विजयसिंह बसले. "तुज्या त्या सात मात्रांचा. सात मात्रांवर बैलसुदिक चालणार न्हाई. चार पाय असलेल्या जनावरानं सातात पाय टाकायचा कसा?"

"गाणं बैलासाठी केलेलं न्हाई. तुला समजंना म्हणून बैलाला मधी घालतूस का?"

"समजायचं काय त्यात? नुसतं धबाड धबाड. आन तो ऑर्गन? देवळात कुणी झोपलाय आन पेटीवर डोकं टेकलंय, असा आवाज."

शहादेव आत हसला. अंगदरावांचा हात पिशवीवर गेला. हीच वेळ होती. विजयसिंह आता बासरीवर आले होते, डोळे बारीक करून, हातात नसलेली बासरी धरल्यासारखी बोटं हलवत. ह्या माणसाच्या चेहऱ्यावर आठवडाभरात दुसऱ्या कशानं एवढा उजेड येत असेल, असं अंगदरावांना वाटलं नाही. जाकीट पुढं सरकवायला एक क्षण लागला असता. मग विजयसिंह ते वाचतील. हसतील कदाचित. म्हणतील, च्यायला, इतके साल. मग दोघं चहा घेतील. आणि पुढच्या बाजारी? पुढच्या बाजारी विजयसिंह बियाणं घ्यायला केजला गेले तरी त्यांना कोण विचारणार होतं? कशासाठी येतील ते सिरसाळ्याला?

त्यांनी हात पिशवीवरून काढून घेतला.

"...आन शेवटच्या गाण्यात तर," विजयसिंह सांगत होते, "बासरी थांबती बघ मधीच. आन त्याचा श्वास येतो. दमलाय गडी, पण सोडीत न्हाई. तो श्वास ऐकला की तुला सांगतो अंगद, इथं असं हुतंय." त्यांनी छातीवर मूठ ठेवली.

अंगदराव त्यांच्याकडं बघतच राहिले. भोंगा चादरींचा भाव ओरडत होता. त्यांच्या मनात एकच गोष्ट उभी राहिली होती. कॅसेटीवर श्वास नाही. कॅसेटीवर नुसती सरसर आहे.

विजयसिंहांनीही बोटं हलवायची थांबवली. बोलून गेल्यावर माणसाला कळतं तसं त्यांना कळलं असावं. त्यांची नजर पिशवीवर गेली, त्या टोकदार कोपऱ्यावर, आणि तिथून लगेच रस्त्यावर.

बाकड्यावरचा आवाज थांबला, म्हणून शहादेव आतून डोकावून गेला.

"श्वासाचं काय कौतुक," अंगदराव शेवटी म्हणाले. आवाज त्यांनी होता तेवढा चढवला. "श्वास तर म्हसराला बी हाय. गाणं वाजव म्हनावं, दम काय खातूस? चौथीत बघ, चौथीत! वीस मिनिटं ऑर्गन एकसारखा चालतोय, एकदा तरी कुठं थांबतोय का?"

विजयसिंहांचे खांदे सैल झाले. त्यांनी पानाची पिंक बाजूला टाकली आणि उत्तर द्यायला पुढं सरसावले. मग जे जुंपलं, ते चहा थंड होईपर्यंत चाललं. ढोलाला नावं ठेवली गेली, घंटेला ठेवली गेली, गाणाऱ्याच्या नाकाला ठेवली गेली. मिरची विकत घ्यायला आलेल्या दोन बाया तिथंच थबकल्या आणि ह्यांच्या नातवाला कोणत्या वर्गात घालायचं ठरतंय ते कळेना, म्हणून पुढं गेल्या. अंगदराव इतके जोरात कधी भांडले नव्हते. विजयसिंहही.

ऊन बाकड्यावर आलं, तसे विजयसिंह उठले. मोटारसायकलवर बसले, किल्ली लावली, पण किक मारली नाही. रस्त्याकडं बघत म्हणाले, "पोरगी आलीय म्हणं."

दुकानात बियाणं मोजणाऱ्या शहादेवचा हात थांबला. तीन वर्षांत ह्या बाकड्याजवळ घरच्या माणसाचं नाव निघालं नव्हतं. तो कंदील म्हणून ओरडणार होता, पण ओरडला नाही.

"आलीय," अंगदराव म्हणाले.

"बरी हाय ना?"

"बरी हाय."

विजयसिंहांनी मान हलवली. मग पिशवीकडं न बघता म्हणाले, "रेकॉर्डी घिऊन आली असंल. माज्या पोरानं बी धाडल्यात तिकडून. जुन्या बाजारात घावल्या म्हणं त्याला. लई साल झाले त्या गोष्टीला." ते थोडं थांबले. "तू ऐकू नको, अंगद."

सगळं ठाऊक असून हा माणूस कधीपासून गप्प आहे, निवडणुकीच्या आधीपासून का नंतरपासून, ते अंगदरावांना विचारावंसं वाटलं. विचारलं नाही.

"कावून?" ते म्हणाले.

"उगंच. कॅसेटीची मजा न्हाई त्यात."

"न्हाई ऐकत. तसं बी मशीन चालंना झालंय."

"पुढच्या बाजारी येतूस ना?"

"येतो की. आन ते नाकातलं गाणं आज अर्धवट सुटलंय तुजं, ते पुरं करून घेतो."

"पाचवी समजायला सात जन्म लागतेत," विजयसिंह म्हणाले आणि किक मारली. मोटारसायकल मिरचीच्या पालांमधून वाट काढत दिसेनाशी झाली.

शहादेव बाहेर आला. चहाचे पेले उचलता उचलता त्यानं अंगदरावांच्या तोंडाकडं बघितलं.

"मालक, आज घरचं बोलले की वो ते."

अंगदराव पिशवी सावरत उठले.

"कुठं बे?" ते म्हणाले. "कंदिलाचंच तर बोलला."